कॉर्नफ्लेक्सवाल्या कंपनीचे शेअर घ्यायचेत, पण आता ते कुणाचे?

भुसारीवाला, साखळी

नमस्कार मंडळी. गोव्यात साखळी गावच्या बाजारात आमचं भुसारी दुकान आहे. बाबांनी घातलं, आता मी आणि बायको चालवतो. शेअरबाजारातलं मला फारसं कळत नाही. दोन म्युच्युअल फंडांत एसआयपी आहे, बाकी सगळं मुदत ठेवीत. पण गल्ल्यावर बसून तीस वर्षं झाली, त्यामुळे काय खपतं आणि काय धूळ खातं हे डोळे मिटून सांगेन.

केलॉग्जचंच घ्या. कंपनी १९९४ साली भारतात आली. आमच्याकडे पहिले दोन खोके आले त्याला त्यानंतर वर्षभर तरी गेलं असेल. गिऱ्हाईक हातात घ्यायचं, किंमत बघायचं आणि होतं तिथे ठेवायचं. शेवटी एक खोका आईनं घरी फोडला. वाडग्यात कॉर्नफ्लेक्स, वर दोन चमचे साखर आणि त्यावर चुलीवरून उतरवलेलं दूध. आमच्याकडे थंड दूध पितो कोण? दोन मिनिटांत सगळ्याचा लगदा झाला. बाबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "यापरीस दिवाळीचे दुधातले फोव (पोहे) बरे. स्वस्त पण पडतात." दुसरा खोका उंदरानं फोडला, त्याला मात्र आवडला असावा.

आता तेच दुकान बघा. दारावर दहा रुपयांच्या चॉकोजची माळ लटकते, ती शाळा सुटली की अर्धी होते. मोठे खोके महिन्याला दीड-दोन डझन जातात, बहुतेक नव्या इमारतींतल्या घरांत, जिथे नवराबायको दोघंही आठाच्या बसला पळतात. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजतो, उंडे आणि पोळी हे पाव घेणारे घेतातच, पण मुलांचं खाणं बदललं हे मी रोज बघतो. पावसाळ्यात तेवढा ताप होतो. जून ते सप्टेंबर आमच्या हवेत उघडलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी नरम पडतं आणि गिऱ्हाईक येऊन मलाच म्हणतं, जुना माल दिलास.

तर मुद्दा असा. गेल्या आठवड्यात एक फोन आला. बोलणारा हिंदीत गोड बोलत होता. म्हणाला, या कंपनीच्या भारतातल्या शाखेचा आयपीओ येतोय, म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकणार, त्याआधी 'अनलिस्टेड', बाजारात न आलेले शेअर आमच्याकडे मिळतील, निदान दोन लाखांचे घ्यावे लागतील, शनिवारपर्यंत. माल चांगला खपतो हे मला माहीत असल्यामुळे मन डळमळलं. भाचा म्हणतो, मामा, एक रुपया पाठवू नकोस. पण तो हे सगळ्यालाच म्हणतो. कंपनी गुंतवणुकीला कशी आहे, आणि तिचे शेअर घ्यायचा सरळ रस्ता कुठला? जाणकारांनी सांगा.

*

डिचोलीचो आबा

दादा, भाच्याला आज माझ्यातर्फे एक चहा पाजा. कंपनीच्या नावात 'प्रायव्हेट लिमिटेड' आहे. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं, दुकानातच आहे, वाचा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला आपले शेअर लोकांना देऊ करायची कायद्यानंच बंदी आहे. फोन करून ते विकणारा कोण ते तुम्हीच ओळखा. बाकीचं इथले शिकलेले सांगतील, मी जेवायला जातो.

*

निवृत्त रोखपाल, मडगाव

आबानं कामाचं तेवढं सांगितलं. मी थोडं सविस्तर लिहितो, कारण या कंपनीचे शेअर माझ्याकडे होते. 'होते' म्हणतोय ते का, ते पुढे येईल.

आधी कुळकथा, कारण धंद्याचा स्वभाव तिच्यातच आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचं गाव. तिथे केलॉग नावाचे डॉक्टर एक आरोग्यधाम चालवत. मांस नाही, दारू नाही, मसाला नाही, असं सगळं पथ्याचं खाणं. १८९४ साली शिजवलेले गहू पडून राहून शिळे झाले, ते तसेच रुळांतून काढले तर एकेका दाण्याचा एकेक पापुद्रा सुटला. भाजला तर कुरकुरीत. हे फोवांपेक्षा फार वेगळं नाही, हे तुमच्या बाबांनी बरोबर ओळखलं होतं. धाकटा भाऊ विल कीथ तिथे हिशेब नि व्यवस्था बघायचा. त्याला यात धंदा दिसला आणि त्यानं साखर घालायची ठरवली. डॉक्टरांना साखर म्हणजे पाप. भावाभावांचं फाटलं आणि धाकट्यानं १९०६ साली स्वतःची कंपनी काढली. गंमत म्हणजे त्याच आरोग्यधामात उपचार घ्यायला आलेल्या पोस्ट नावाच्या गृहस्थानं त्याच्याही आधी त्याच गावात असाच धंदा सुरू केला होता. म्हणजे या व्यवसायात पहिल्या दिवसापासून नक्कल करणारा शेजारीच बसलेला. मक्याचा पापुद्रा करायला फार मोठी विद्या लागत नाही, म्हणून सगळं वजन नाव, जाहिरात आणि दुकानातली फळी यांवर. पुढे मोठ्या दुकानांनी आपल्याच नावाचे स्वस्त कॉर्नफ्लेक्स शेजारच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा हे दुखणं उघडं पडलं.

शंभर वर्षं मात्र कंपनीनं मजबूत पैसा केला. विल कीथनं १९३० साली आपल्या नावाचं धर्मादाय प्रतिष्ठान काढलं, आणि त्या प्रतिष्ठानाचा ट्रस्ट कितीतरी वर्षं कंपनीचा सगळ्यात मोठा भागधारक होता. पण अमेरिकी माणसाची सकाळ बदलली. बसून, वाडगा घेऊन, दूध ओतून खायला त्याला वेळ नाही, हातात धरून गाडीत खाता येईल ते त्याला हवं. कंपनीनंही ते ओळखलं. २०१२ मध्ये तिनं प्रिंगल्स विकत घेतलं, सुमारे २.७ अब्ज डॉलरना. हळूहळू कंपनी नावाला कॉर्नफ्लेक्सची आणि कमाईला चिप्स-बिस्किटांची झाली.

मी २०२१ च्या एप्रिलमध्ये ८ शेअर घेतले, सरासरी ६४ डॉलरना. तेव्हा डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ३८ हजार रुपये गेले. घेण्याचं कारण तुमच्यासारखंच: नातू रोज खातो. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतल्या चार कारखान्यांतले सुमारे १,४०० कामगार संपावर गेले आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बाहेरच होते. माझ्या बायकोनं विचारलं, आता नातवाला काय देऊ? तिला म्हटलं, त्याचा चॉकोज तळोज्याला होतो, मिशिगनहून येत नाही.

मग २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीची वाटणी झाली, अगदी घरातली असते तशी. उत्तर अमेरिकेतला नाश्त्याचा धंदा एका कंपनीत, डब्ल्यू. के. केलॉग नावानं. चिप्स, बिस्किटं आणि बाकी जगातला नाश्ता, म्हणजे भारतही, दुसऱ्या कंपनीत, तिचं नाव केलानोव्हा. जुन्या दर चार शेअरांमागे नाश्त्याच्या कंपनीचा एक, म्हणून माझ्याकडे ८ केलानोव्हा आणि २ केलॉग आले. वर्षाची विक्री बघा: केलानोव्हाची सुमारे १३ अब्ज डॉलर, केलॉगची पावणेतीनच्या आसपास. सगळ्या जगाला जे नाव माहीत, ते गेलं लहान वाट्याला. बाजारानं तेव्हा दोघांनाही फारसं विचारलं नाही. केलानोव्हा ५० च्या आसपास आला आणि घरात मला 'अमेरिकन शेट' म्हणून चिडवायला लागले.

आणि मग गिऱ्हाईकं आली. ऑगस्ट २०२४ मध्ये मार्सनं जाहीर केलं की केलानोव्हा शेअरमागे ८३.५० डॉलर रोख देऊन घेतो, कर्ज धरून जवळजवळ ३६ अब्जांचा सौदा. मार्स म्हणजे स्निकर्स आणि कुत्र्यांचं पेडिग्री. जुलै २०२५ मध्ये फेरेरोनं केलॉगसाठी २३ डॉलर देऊ केले. फेरेरो म्हणजे न्यूटेला, आणि तुमच्या गल्ल्यावर ठेवलेला किंडर जॉय. त्यांचा एक कारखाना आपल्या बारामतीला आहे. फेरेरोचा सौदा सप्टेंबरात पुरा झाला, मार्सचा डिसेंबर २०२५ मध्ये. माझे शेअर खात्यातून गेले, पैसे जमा झाले.

म्हणजे आजची स्थिती अशी: न्यूयॉर्कमधल्या दुकानातला कॉर्नफ्लेक्स एका मालकाचा आणि साखळीतला दुसऱ्याचा, खोक्यावर नाव मात्र तेच. आणि हे दोन्ही मालक घराण्यांच्या खाजगी कंपन्या. मार्स बाजारात नाही, फेरेरोही नाही. ज्या कंपनीचे शेअर तुम्ही विचारताय, ते आज सरळ रस्त्यानंही मिळत नाहीत आणि वाकड्या रस्त्यानंही नाहीत.

माझा हिशेब सांगून टाकतो. ८ गुणिले ८३.५० म्हणजे ६६८, अधिक ४६, एकूण ७१४ डॉलर. रुपयांत साधारण ६४ हजार. ३८ चे ६४ झाले, साडेचार वर्षांत. लाभांश वेगळा, कर कापून वर्षाला हजारभर. ऐकायला छान वाटतं. पण त्या २६ हजारांतले आठेक हजार तर डॉलर ७४ वरून ९० ला गेल्याचे आहेत. शिवाय पैसे पाठवायचा बँकेचा खर्च, विवरणपत्र भरणाऱ्याचे वाढीव पैसे. आणि मार्स आली नसती तर मी आजही ५०-५५ कडे बघत बसलो असतो. धंद्याची वाढ मी ओळखली म्हणून पैसे मिळाले असं मला सांगता येत नाही. गिऱ्हाईक चांगलं भेटलं.

त्यातून अमेरिकेतला नाश्ताच घ्यायचा असेल तर जनरल मिल्स बाजारात आहे. चीरिओज त्यांचं, आणि तुमच्याकडे पिल्सबरीचा आटा असेल तर तोही त्यांचाच. २०२३ च्या मे महिन्यात शेअर ९० डॉलरच्या घरात होता, डिसेंबर २०२५ मध्ये ५० च्या खाली. तेव्हा लाभांश ५ टक्क्यांच्या आसपास पडत होता म्हणून काही जण स्वस्त म्हणत. मी घेतलेला नाही. त्या पोस्टच्या नावाची कंपनी आजही आहे, ती लाभांशच देत नाही, म्हातारपणी मला त्याचा काय उपयोग.

*

अनघा, पर्वरी

काकांनी 'विवरणपत्र भरणाऱ्याचे वाढीव पैसे' एवढ्यावर सोडून दिलं, तिथेच लोक अडकतात. मी सीएच्या ऑफिसात काम करते, दर जुलैत असे चार-पाच जण येतात.

भुसारीवाले दादा, तुम्ही दुकानाचं विवरणपत्र बहुधा अंदाजित उत्पन्नावर, आयटीआर-४ मध्ये भरत असाल. परदेशातला एक जरी शेअर घेतलात तरी तो फॉर्म चालत नाही. आयटीआर-३ भरावा लागतो, आणि तो छोट्या दुकानदाराला चांगलाच जड आहे. त्यात शेड्यूल एफए नावाचा तक्ता असतो. परदेशातली मालमत्ता तिथे आर्थिक वर्षाप्रमाणे न लिहिता जानेवारी ते डिसेंबर अशी लिहायची. लाभांशाचे चार डॉलर आले तरी लिहायचे. न लिहिल्यास काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून जमीन-घर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण लिहायची जबाबदारी तशीच आहे.

पैसे पाठवायला परवानगी आहे, वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत. वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवले तर बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते, तो पुढे करात वळता होतो. लाभांशावर अमेरिका आधीच २५ टक्के कापते, त्याची इथे वजावट हवी तर त्यासाठीचा वेगळा फॉर्म वेळेत भरायचा. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकले तर नफ्यावर १२.५ टक्के.

आणखी एक, जे कुणीच सांगत नाही. अमेरिकी शेअर नावावर असताना माणूस गेला आणि तिथली मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर असली, तर अमेरिका वारसा कर मागते. काकांच्या आठ शेअरांना काही भीती नाही. पण आमच्याकडे एका बाईंना नवरा गेल्यावर हे कळलं, तेव्हा त्या कागदांची फाईल बघून आमच्या सरांनीही चष्मा काढून ठेवला होता.

*

भुसारीवाला, साखळी

बाप रे. आयटीआर-३ चं वाचूनच हात जोडले. खोकाही उलटून बघितला, आबा, तुमचं खरं: प्रायव्हेट लिमिटेड. इतकी वर्षं विकतोय, मागची बाजू फक्त तारीख बघायला फिरवली.

रोखपाल काका, तुमच्या हिशेबातलं एक मला लागलं. मी समजत होतो, माझ्याकडे माल खपतो म्हणजे कंपनी वाढते म्हणजे शेअर वाढतो. माझ्या दारावरची माळ त्या १३ अब्जांत कुठे दिसणार? मग इथल्या बाजारात, ज्याला आयटीआर-३ च्या भानगडी नकोत, त्यानं या मालातलं घ्यावं तरी काय?

*

उसगावकर

शेट, निव्वळ सीरियलची, म्हणजे कॉर्नफ्लेक्स-ओट्ससारख्या नाश्त्याची, मोठी कंपनी आपल्या बाजारात नाही. तुकडे आहेत. सफोलाचे ओट्स मॅरिकोचे, तिथे मुख्य धंदा तेलाचा. सोलफुल २०२१ मध्ये टाटा कन्झ्युमरनं घेतलं, तिथे मुख्य धंदा चहा-मिठाचा. जगभरात नेस्लेचा सीरियलचा धंदा जनरल मिल्सच्या भागीदारीत चालतो, पण आपल्या नेस्ले इंडियाचं पोट भरतं मॅगी, कॉफी, दूध पावडर नि चॉकलेटवर.

नेस्लेचं मी जरा जवळून सांगू शकतो. कारखाना आमच्या उसगावात १९९५ पासून, किटकॅटचा. डिचोली तालुक्यातला मॅगीचा १९९७ चा. माझा टेम्पो काही वर्षं कंत्राटदाराकडे लागला होता. सकाळच्या पाळीला नाक्यावर चॉकलेटचा वास यायचा. खाणी २०१२ ला बंद पडल्या, २०१८ ला परत पडल्या, ट्रकवाल्यांची घरं बसली, पण ज्यांच्या घरात एक जण या कारखान्यात होता त्यांची चूल पेटत राहिली. म्हणून गावात या शेअरवर लोकांचा जीव. जून २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली तेव्हा शेअर धाडकन पडला. माझ्या मेहुण्यानं घाबरून दहा विकले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी उठवली. पुढे २०२४ च्या जानेवारीत एका शेअरचे दहा झाले, २०२५ च्या ऑगस्टमध्ये एकावर एक बोनस, म्हणजे त्याच्या दहांचे आज दोनशे असते. जेवताना हा विषय काढला की तो ताटावरून उठतो.

घ्या असं मी म्हणत नाही. महाग असतो, कायमच असतो. तुमचा फंड कुठे गुंतवतो ती यादी एकदा उघडून बघा. यातल्या एक-दोन त्यात आधीच असतील.

*

भुसारीवाला, साखळी

भाच्याकडून यादी काढून घेतली. एका फंडात नेस्ले निघाली, दुसऱ्यात टाटा कन्झ्युमर. म्हणजे मी आधीच शेट होतो, मला कुणी कळवलं नव्हतं.

आज तो परत फोनवर. म्हणाला, शनिवार गेला, तुमच्यासाठी सोमवार धरतो. मी विचारलं, कंपनीचा मालक कोण? म्हणाला, अमेरिकेची केलॉग. मी म्हटलं, ती तर डिसेंबरात मार्सनं घेतली ना? तो थोडा वेळ गप्प. मग विचारतो, "मार्स मतलब?" मी म्हटलं, मंगळ. त्यानं फोन ठेवला. तो नंबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलाय, तक्रारीचा मेसेज आला.

चॉकोजची माळ मात्र संपलीय आणि गाडी गुरुवारी येते. आता शाळा सुटेल.